मल्चिंग पेपर मिरचीला पावला, तांबड्या भाजीला नाही

गेल्या डिसेंबरात म्हापशाच्या एका दुकानातून चंदेरी-काळा मल्चिंग पेपर आणला. नाव कागदाचं, पण असतं प्लास्टिक; वाफ्यावर अंथरायचं आणि भोकं पाडून त्यांत रोपं लावायची. २५ मायक्रॉन जाड, चार फूट रुंद. ४०० मीटरच्या अख्ख्या रोलने आमचं पेडण्यातलं परस तीनदा झाकलं असतं, म्हणून लागेल तेवढाच कापून घेतला. कोणती बाजू वर ठेवायची हे दुकानदाराने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पहिल्या वाफ्यावर काळी बाजू वर! दुपारी हात टेकवत नव्हता. भोकाच्या कडेला लागलेली मिरचीची पानं दोन दिवसांत करपली. चंदेरी बाजू ऊन परतवते, शिवाय त्या चकाकीने मावा-फुलकिडे बिचकतात, हे मला नंतर कळलं.

शेजारच्या काकी कुंपणावरून बघत होत्या. "कितें गो हें? मिरसांगेक झगो शिवला?"

झगा म्हणा, पण उपयोग झाला. आमच्याकडे जूनपासून तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि नोव्हेंबरनंतर आभाळ कोरडं ठणठणीत. जांभ्याची तांबडी माती पाणी धरत नाही; सकाळी शिंपलेलं संध्याकाळी कुठे गेलं कळत नाही. कागदाखालच्या वाफ्याला मात्र मार्चातही तिसऱ्या दिवशी पाणी पुरलं. तण तर जवळजवळ नाहीच, भोकातून डोकावेल तेवढंच. भोकं पाडायला दूधपावडरचा रिकामा डबा चुलीवर तापवून घेतला, गोल आणि नीट पडतात. चूक एकच, पण मोठी: ठिबकची नळी आधी अंथरली नाही. मग पाइप घेऊन एकेका भोकात पाणी घालत बसले, अख्खा हंगाम.

तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, मात्र कागदावर होत नाही. तिचं बी फेकून पेरायचं असतं, भोकं किती पाडणार? तिला उघडाच वाफा दिला. भेंडी आणि वांग्यांखाली काजूचा पाचोळा चार बोटं जाड घातला, खोडापासून वीतभर लांब. फुकटचा माल, आणि ओल जवळजवळ कागदाइतकीच टिकली. फक्त काकींच्या कोंबड्या रोज सकाळी तो उकरून वाटेवर आणून टाकत. भाताचा पेंढाही एका वाफ्यावर घातला होता. त्यातले राहिलेले दाणे उगवले आणि वांग्यात भातशेती झाली.

पाचोळा पावसात कुजून मातीतच गेला. कागद मे महिन्यात ओढून काढताना फाटला. त्याच्या चंदेरी चिंध्या अजून कुदळीला लागतात. २५ मायक्रॉनचा कागद दुसऱ्या हंगामाला पुरेल अशी आशा धरू नका.

कागदाला पाचपैकी तीन गुण. यंदा ३० मायक्रॉनचा घेणार, तोही मिरचीपुरताच, आणि नळी आधी. बाकी वाफ्यांना पाचोळा. कोंबड्यांचं काय करायचं ते काकींशी बोलून ठरवायचं आहे.