ट्रान्सजेंडर ओळखपत्राचं पोर्टल: तालुक्याच्या सेवा केंद्रातून वापरताना

सेवा केंद्रात अर्ज भरायला बसलं की नाव, जन्मतारीख होते आणि तिसऱ्याच रकान्याशी घोडं अडतं. पडद्यावर ‘लिंग’ असं लिहिलेलं असतं. ऑपरेटर मान वर करून विचारतो, “इथं काय टाकू, माणूस का बाई?” मागे रांगेत गावातलीच माणसं उभी असतात. ऑपरेटरच्या मनात वाईट काही नसतं, त्याला फक्त रकाना भरायचा असतो. पण तो प्रश्न मोठ्यानं विचारावाच लागू नये, अशी सोय ज्या सेवेत आहे तिचा हा आढावा.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाचं ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीचं राष्ट्रीय पोर्टल 25 नोव्हेंबर 2020 ला सुरू झालं. 2019 चा ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्क संरक्षण) कायदा आणि त्याखालचे 2020 चे नियम हा त्याचा पाया. अर्ज ऑनलाइन, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि प्रमाणपत्र व ओळखपत्र पोर्टलवरूनच उतरवून घ्यायचं. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरच्या घरात आहे, धारणीहून अमरावती दीडशेच्या आसपास. एका सहीसाठी दोन दिवसांची मजुरी बुडवणाऱ्या माणसाला ऑनलाइन या एका शब्दाची किंमत कळते. म्हणून पहिलंच मत स्पष्ट सांगायचं तर सेवा वापरण्याजोगी आहे, वापरावीच. त्रास पोर्टलच्या आत कमी आहे, पोर्टलबाहेरच्या कागदांत जास्त आहे.

2020 च्या नियमांत अर्जाचे भाग दोनच होते: अर्जाचा नमुना आणि शपथपत्र. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग 12 महिने राहत असला पाहिजे. पुण्या-मुंबईत कामाला असलेल्यांचा अर्ज इथेच अडकतो. आधारवर गावचा पत्ता, प्रत्यक्ष वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात. जिथे राहता तिथूनच अर्ज करा. 2020 च्या मूळ नियमांत वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी न करता, शपथपत्रावरूनच प्रमाणपत्र द्यायचं होतं आणि त्याला 30 दिवसांची मुदत होती. कायद्यात किंवा नियमांत दुरुस्ती झाली की नमुनेही बदलू शकतात. म्हणून शपथपत्राचा नमुना अर्जाच्या दिवशी पोर्टलवरूनच काढा. केंद्रातल्या संगणकात कुणीतरी मागे साठवून ठेवलेली फाइल वापरू नका.

शपथपत्र मराठीत करून घेत असाल तर टंकलेखकाकडे बारीक लक्ष द्या. त्याच्याकडचा तयार मजकूर ‘मी लिहून देतो/देते की’ असा असतो आणि त्यातलं एक तो सवयीनं खोडतो. पुढच्या ओळीत ‘राहतो’ राहून जातं, खाली ‘अशी विनंती करते’ येतं. स्वतःची ओळख जाहीर करणारा कागदच ओळीओळीला वेगळं बोलायला लागतो आणि छाननीत शंका निघते. उपाय मराठीतच आहे. ‘मी शपथेवर लिहून देत आहे’, ‘माझे वास्तव्य मौजे अमुक येथे आहे’, ‘माझी विनंती आहे’ अशी वाक्यं करा. यात पुल्लिंग नाही, स्त्रीलिंग नाही आणि कायदेशीर अर्थही उणा होत नाही. नावामागे श्री. किंवा श्रीमती लावायला सांगितलं नसेल तर लावू नका.

दुसरी चूक नावाच्या स्पेलिंगची. आपल्याकडे वर्धा, वाशीम, वणी डब्ल्यूनं लिहितात, म्हणून वंदनाचंही कधी व्ही होतं, कधी डब्ल्यू. वानखडेमध्ये एका दाखल्यावर ए, दुसऱ्यावर ई. प्रमाणपत्रावर जे स्पेलिंग येईल तेच पुढे सगळीकडे मागितलं जाणार. जुनं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्याप्रमाणे आणि नवं नाव जसं कायम ठेवायचं तसं, अशी दोन्ही नावं इंग्रजी अक्षरांत एका चिठ्ठीवर लिहा. त्याखाली हवी ती ओळखही लिहा आणि चिठ्ठी ऑपरेटरच्या हातात द्या. काम लवकर होतं आणि रांगेसमोर बोलावंही लागत नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सांगितलं की आपली ओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे. 2019 च्या कायद्यानं त्याची दोन दारं केली. मूळ कायद्याप्रमाणे ‘ट्रान्सजेंडर’ एवढंच लिहून हवं असेल तर शपथपत्र पुरत होतं. ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ असं हवं असेल तर शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडून सुधारित प्रमाणपत्र घ्यायचं. त्याची मुदत 15 दिवस. जी शस्त्रक्रिया तालुक्याला होत नाही, जिच्यासाठी नागपूर-मुंबई गाठावी लागते, तिच्यावर ओळखीचा शब्द अवलंबून ठेवणं हा गावाकडच्या माणसावर सरळ अन्याय आहे. या सेवेतला सगळ्यात मोठा दोष हाच आणि तो संगणकाचा नाही, कायद्याचा आहे.

शब्दांचा घोळ त्याहून जुना. 2011 च्या जनगणनेत ‘इतर’ असा पर्याय आला आणि देशात 4,87,803, महाराष्ट्रात 40,891 जण त्यात मोजले गेले. आज एका कागदावर ‘इतर’ असतं, दुसऱ्यावर ‘तृतीयपंथी’, तिसऱ्यावर ‘पारलिंगी’ (म्हणजे ट्रान्सजेंडरच) आणि एखाद्या जुन्या तक्त्यात ‘नपुंसकलिंगी’सुद्धा. नपुंसकलिंग हा व्याकरणातला शब्द आहे. झाड, पुस्तक, पाखरू यांच्यासाठी तो ठीक आहे. माणसाच्या अर्जावर तो नकोच. ‘तृतीयपंथी’ या शब्दात गुरू-चेल्यांची परंपरा येते, आणि त्या परंपरेत राहणाऱ्यांना तो आपला वाटतो. पण घरच्याच शेतात राबणारा, मुलगी म्हणून जन्मनोंद झालेला तरुण कोणत्याही पंथात गेलेला नसतो. त्याला ‘पारलिंगी पुरुष’ हे जवळचं. ‘इतर’ मात्र कुणाचंच वर्णन करत नाही. अर्जावर ‘लिंग’ हा एकच शब्द शरीरासाठीही वापरायचा आणि ओळखीसाठीही, त्यामुळे निम्मा गोंधळ तिथेच होतो. ओळखीसाठीचा पुस्तकांतला ‘लिंगभाव’ हा शब्द अजून तहसीलच्या नमुन्यांत उतरलेला नाही.

दोन रकाने हवेत की एक, या प्रश्नाचं उत्तर कामानुसार बदलतं आणि ते मान्य केलं पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रातलं उदाहरण घ्या. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या भागात घरोघरी माहीत आहे आणि तपासणीत हिमोग्लोबिन बघतातच. रक्तक्षयाची मर्यादा पुरुषांना 13 ग्रॅम, गरोदर नसलेल्या स्त्रियांना 12 ग्रॅम. केसपेपरवर नुसतं ‘इतर’ असेल तर प्रयोगशाळेनं कोणता आकडा लावायचा? गर्भाशय असलेल्या पारलिंगी पुरुषाला गर्भाशयाच्या तपासणीलाही बोलावलं गेलं पाहिजे. दवाखान्याला जन्मनोंद, चालू असलेली हार्मोन्स आणि ओळख, तिन्ही लागतं. फक्त ते डॉक्टरच्या खोलीत विचारावं, केसपेपरच्या खिडकीवर नाही. रेशन दुकानाला, बँकेला, एसटीच्या पासाला यातलं शरीराचं काहीच लागत नाही. तिथे ओळखपत्रावरचा शब्द जसाच्या तसा उतरवला की काम झालं. रिझर्व्ह बँकेनं तर 23 एप्रिल 2015 लाच बँकांना अर्जात तिसरा पर्याय ठेवायला सांगितलं आहे.

ग्रामपंचायतीतही हा शब्द किती जड पडतो ते जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये दिसलं. महिलांसाठी राखीव जागेवर भरलेला पारलिंगी स्त्रीचा अर्ज फेटाळला गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं जानेवारी 2021 मध्ये तो स्वीकारायला लावला आणि त्या निवडूनही आल्या.

प्रमाणपत्र हाती आल्यावर पहिलं आधार. पण थांबून विचार करा: आधारमध्ये लिंगाची नोंद साधारणपणे एकदाच बदलता येते, नाव दोनदा. पुढे सुधारित प्रमाणपत्र घेऊन ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ करायचं मनात असेल, तर आधी ‘ट्रान्सजेंडर’ करून ती संधी खर्च होते. हे केंद्रात सहसा कुणी सांगत नाही. त्यानंतर पॅन, ज्यात 2018 पासून ट्रान्सजेंडर पर्याय आहे, मग मतदार यादी फॉर्म 8 वर, मग पासबुक. आयुष्मान भारत आरोग्य योजनेच्या, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या टीजी प्लस कार्डालाही हेच प्रमाणपत्र लागतं.

ज्या कार्यालयानं मूळ कागद दिला, त्यानं अर्जापासून 15 दिवसांत नाव, फोटो, लिंग बदलून द्यायचं, असं 2020 चे नियम सांगतात. अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच नसेल तर 15 दिवस कुठून मोजायचे? आणि बदललेल्या कागदाचा क्रमांक मूळचाच राहिला पाहिजे, हेही नियमातच आहे. नवा क्रमांक टाकून ‘नवीन खातं काढा’ असं सांगितलं तर ऐकू नका, नाहीतर जुन्या खात्यावरचं अनुदान आणि पीकविमा तिथेच अडकून पडेल. जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जच नाकारला तर कारण लेखी मागा. कळवल्यापासून 90 दिवसांत अपील करता येतं.