ट्रेडमिलवरचा लाँग रन: आठ, नऊ की दहा?

जुलै उजाडला की पुण्यातली निम्मी पळणारी मंडळी टेकडीवरून जिममध्ये येतात. तळजाईची पायवाट निसरडी झालेली असते आणि रस्त्यावर खड्डा कुठला, डबकं कुठलं, हे पाय घातल्याशिवाय कळत नाही. १९८३ पासूनची पुणे मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे हाफची (२१.१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनची) तयारी नेमकी पावसाळ्यात सुरू होते, आणि लाँग रनसाठी, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब पळण्यासाठी, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चढल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो की वेगाचा आकडा ताशी किती किलोमीटरवर ठेवायचा?

मी गृहीत धरतो की तुम्ही रस्त्यावर टेन के (दहा किलोमीटर) साधारण ६५ मिनिटांत करता आणि ही तुमची पहिली हाफ आहे. तुमच्यासमोरचे तीन पर्याय असे:

ताशी ८: किलोमीटरला ७ मिनिटं ३० सेकंद, हाफ सुमारे २ तास ३८ मिनिटांत.
ताशी ९: किलोमीटरला ६ मिनिटं ४० सेकंद, हाफ सुमारे २ तास २१ मिनिटांत.
ताशी १०: किलोमीटरला ६ मिनिटं, हाफ सुमारे २ तास ७ मिनिटांत.

दहाचा निकाल आधी लावून टाकू. ६५ मिनिटांचा टेन के म्हणजे ताशी जेमतेम ९.२. त्याहून जोरात तासभर पळायचं ठरवलं, तर विसाव्या मिनिटाला हात आपोआप हँडलकडे जातात. हँडल धरलं की शरीराचा थोडा भार हातांवर जातो, आणि स्क्रीनवरच्या दहाला काही अर्थ उरत नाही. आठवड्यातून एकदा तीन मिनिटं दहाने पळा, दोन मिनिटं चाला आणि हे पाच-सहा वेळा करा. दहाचा उपयोग तेवढाच. लाँग रनला तो नको.

खरी गफलत नऊमध्ये आहे. नऊ आकडा दिसायला शहाणा वाटतो. फार हळू नाही, फार जोरात नाही. रिगेल नावाच्या अमेरिकी इंजिनियरचं एक सूत्र पळणाऱ्यांत बरंच वापरलं जातं. त्यात तुमची ६५ मिनिटं घातली तर हाफ साधारण २ तास २३ मिनिटांवर येते, म्हणजे ताशी ८.८. थोडक्यात, नऊने पळता तेव्हा तुम्ही रेसच्या वेगापेक्षाही किंचित जोरात पळत असता, आणि तेही दर रविवारी. पहिला अर्धा तास छान जातो. पाऊण तासानंतर बोलताना वाक्यं तुटायला लागतात. सोमवारी जिना उतरताना मांड्या बोलतात, मंगळवारचा रन बुडतो, आणि महिनाभराने बघावं तर आठवड्याचे एकूण किलोमीटर वाढण्याऐवजी घटलेले. नऊ टाकाऊ नाही. मधल्या वारी पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये पाच मिनिटं चालणं, इतकं नऊने केलंत तर त्याचा पुरेपूर फायदा आहे. पण सव्वा-दीड तासाच्या रनला तो महाग पडतो.

राहिला आठ. माझं मत आठच्या बाजूने आहे. लाँग रनचं काम पायांना आणि हृदयाला जास्त वेळ राबवायचं. स्नायूंत रक्तवाहिन्यांचं जाळं वाढतं, शरीर चरबीतून ऊर्जा काढायला सरावतं, घोट्याचे-गुडघ्याचे सांधे मारा सोसायला शिकतात. हे सगळं वेगापेक्षा वेळेतून मिळतं. आठ तुमच्या टेन केच्या वेगापेक्षा किलोमीटरला एक मिनिट हळू आहे, आणि तेवढं अंतर हवंच. कसोटी सोपी आहे. शेजारच्या पट्ट्यावरच्या काकांनी ‘काय, सध्या कुठे असता?’ असं विचारलं, तर सध्या कुठे असता ते, मुलगा कितवीत आहे तेही, धाप न लागता सांगता आलं पाहिजे. ‘इथेच’ एवढंच तोंडून निघालं तर वेग कमी करा.

आठबद्दल एक तक्रार रास्त आहे. तो ना धड चालणं वाटतो, ना पळणं. माणूस साधारण ताशी सातच्या आसपास चालण्यावरून पळण्यावर येतो, त्यामुळे साडेसहा-सातला, आणि उंच माणसाला तर आठलाही, पाय अडखळल्यासारखे पडतात. उपाय म्हणजे पावलं आखूड आणि भराभर टाका, उड्या मारू नका. दोन-तीन रनमध्ये ते अंगवळणी पडतं.

टेन केला ८० मिनिटं लागत असतील, तर मात्र आठच्या नादाला लागू नका. हिशेबाने तुमचा लाँग रन ताशी साडेसहा-सातवर यायला हवा, आणि तोच तो अडखळण्याचा पट्टा. त्यापेक्षा चार मिनिटं साडेसातने पळा आणि एक मिनिट पाचने चाला. याची लाज वाटायचं कारण नाही. सरासरी सातच येते आणि पाय ताजे राहतात. उलट टेन के ५५ मिनिटांत होत असेल, तर वर आठबद्दल लिहिलेलं सगळं नऊला लागू करा.

आता मशीनचा आठ खरंच आठ असतो का? सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या, वर्षानुवर्षं तेल-पाणी न झालेल्या मशीनवर मी तरी डोळे मिटून विश्वास ठेवणार नाही. तपासता येतं. मशीन बंद असताना पट्ट्याची पूर्ण लांबी मोजा, कडेला खडूने खूण करा, आणि तुम्ही पळत असताना दुसऱ्या कुणाला तरी खूण मिनिटात किती वेळा येते ते मोजायला सांगा. पट्टा तीन मीटरचा असेल तर ताशी नऊला मिनिटात बरोबर ५० फेऱ्या व्हायला हव्यात, आठला ४४ च्या थोड्या वर. तुम्ही पळत असतानाच मोजायचं, कारण वजन पडल्यावर जुनी मोटर मंदावते. जिममध्ये खडू घेऊन वाकलात तर ट्रेनर काय म्हणेल ते सांगत नाही. तिथे बोलण्याची कसोटीच बरी.

एक टक्का इनक्लाइन (पट्ट्याला चढ) लावायलाच हवं, असं जो तो सांगतो. ती गोष्ट १९९६ मधल्या जोन्स आणि डाउस्ट यांच्या अभ्यासावरून आली. बाहेर वारा कापावा लागतो, पट्ट्यावर लागत नाही, त्याची भरपाई म्हणून एक टक्का. पण तो हिशेब साधारण ताशी साडेदहा आणि त्यापुढच्या वेगांचा आहे. आठला वाऱ्याचा विरोध इतका किरकोळ असतो की शून्यावर पळालात तरी फसवणूक होत नाही. मी चढ लावायला सांगेन तो वेगळ्या कारणाने. पट्ट्यावर प्रत्येक पाऊल हुबेहूब आधीच्यासारखं पडतं आणि त्याच पोटऱ्या, तेच स्नायू शिणतात. दर दहा मिनिटांनी शून्य, एक, दोन असं फिरवत राहा.

उकाड्याचा हिशेब बहुतेक जण विसरतात. बंद हॉल, अंगावर वारा नाही, हवा दमट. घाम वाळत नाही, आणि वेग तोच असताना तासाभरात हृदयाचे ठोके दहा-पंधराने चढू शकतात. एसी नसलेल्या जिममध्ये संध्याकाळी सात वाजता ताशी आठचा वेग चाळिसाव्या मिनिटानंतर नऊसारखा अंगावर येतो. पंखा समोर घ्या, मीठ-साखरेचं पाणी हाताशी ठेवा, आणि ठोके चढले की ७.६ वर या.

माझी मांडणी अशी: पहिली दहा मिनिटं साडेसात, मग तासापर्यंत आठ, आणि दम शिल्लक असेल तरच शेवटची पंधरा मिनिटं ८.८. बरीच मशीन साठाव्या मिनिटाला स्वतःच थांबतात आणि अंतर शून्यावर आणतात, तेव्हा एकोणसाठाव्या मिनिटाला फोटो काढून ठेवा. जिमच्या भिंतीवर ‘गर्दीच्या वेळी २० मिनिटांहून अधिक पट्टा अडवू नये’ अशी पाटी असेल, तर हा रन रविवारी दुपारीच ठेवा.