पंच की रोल? नेटवरच्या हल्ल्यासाठी आधी कोणती व्हॉली पक्की करावी

पिकलबॉलमध्ये किचन लाइनवर (नेटलगतच्या ज्या पट्ट्यात उभं राहून व्हॉली मारता येत नाही त्या ‘किचन’च्या रेषेवर) टिकून डिंक, म्हणजे नेटलगत हळुवार टाकलेले चेंडू, जमू लागले की हा प्रश्न येतोच. दोन्ही व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेले फटके) लागतात, पण सरावाला वेळ मोजका असेल तर क्रम ठरवावा लागतो.

पंच लवकर बसतो. मनगट पक्कं, कोपर पोटापुढे, पॅडल छातीशी आणि हालचाल वीतभर. अंगावर जोरात आलेल्या चेंडूला पॅडल खाली नेऊन वर आणायला वेळच नसतो; तिथे पंचच हवा. नेटच्या वर लोंबलेला चेंडूही पंचनेच समोरच्याच्या पायांत घालावा.

पण चांगला प्रतिस्पर्धी असा चेंडू देतो कुठे? नेट मध्यभागी 34 इंच आणि त्याचा डिंक येतो गुडघ्याशी. तो पंचने उचलायचा तर पॅडल उघडावं लागतं आणि चेंडू नेट ओलांडूनही चढतच राहतो. दोन किचन लाइनींमध्ये अंतर 14 फूट, म्हणजे तो थेट समोरच्याच्या छातीशी पोहोचतो, काउंटरला, म्हणजे उलट जोरदार फटक्याला, अगदी सोयीचा. त्याने अंग चोरलं तर चेंडू बेसलाइनबाहेर. जोर कमी केला तर आयता मिळतो, वाढवला तर बाहेर जातो. सराव वाढवूनही ही कटकट पुरती जात नाही असं मला वाटतं. सपाट चेंडूला वेळेत खाली ओढणारं काही नसतंच.

रोलमध्ये ते काम टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, करतो. गुडघे वाकवा, पॅडलचं टोक चेंडूखाली न्या आणि चेंडू शरीरापुढे असतानाच पॅडल खालून वर घासत काढा. पकड सैल, 10 पैकी 4 इतकीच. चेंडू अंगाजवळ येऊ दिला की नुसतं मनगट झटकलं जातं आणि तो नेटमध्ये अडकतो. फोरहँडला पॅडल उघडंच राहत असेल, तर पकड कॉन्टिनेंटलवरून (हातोडा धरल्यासारखी) थोडी ईस्टर्नकडे (हस्तांदोलन केल्यासारखी) वळवून बघा. नेम समोरच्याच्या खेळत्या हाताच्या कमरेवर. झोकात पाय किचनमध्ये पडला तर चेंडू मेल्यानंतरही (खेळी संपल्यावरही) फॉल्टच, म्हणून तोल टाचांवरही नको आणि पुढे झुकलेलाही नको.

बुटाजवळचा चेंडू मात्र दोन्हींपैकी कशानेच मारू नये. डिंक करून परत द्यावा.

सरावासाठी जोडीदाराशी तिरपे डिंक खेळत राहा आणि हवेतच घेता येईल असा चेंडू आला की अर्ध्या जोराने रोल करा. दुहेरी खेळत असाल तर दोन वाटे वेळ रोलला, एक पंचला द्यावा. एकेरीत किचन लाइनवरच्या समोरासमोरच्या लढती कमी होतात; तिथे बरेच दिवस पंचवर भागेल.