गेदलों : अजून बांधून व्हायचा असलेला किल्ला

सिंहगडावर किंवा राजगडावर गेलो, की उरलेल्यावरून झालेले ओळखायचे, ही आपली सवय. जोते दिसले की वर वाडा उभा करायचा आणि चुन्याची घाणी दिसली की तिच्याभोवती बैल फिरवायचे, तेही मनातल्या मनात. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील त्रेन्यी या गावाजवळ ‘गेदलों’ नावाचा जो किल्ला १९९७ पासून बांधला जात आहे, तिथे हा क्रम उलटा होतो. किल्ला अपुरा आहे, मात्र तो बांधणारी माणसे समोर असतात. गेल्या मे महिन्यात मी तिथे मामांसोबत गेले होते. मामांची चाळीस वर्षे पुण्यातील बांधकामांवर देखरेख करण्यात गेली, त्यामुळे या परीक्षणातील निम्मे निरीक्षण त्यांचे आहे.

जवळच्या सँ-फार्जो येथील जुन्या गढीची डागडुजी करणाऱ्या मिशेल ग्युयो यांच्या डोक्यात ही कल्पना आली आणि मारिलीन मार्तँ यांच्यासह त्यांनी ती उभी केली. तेराव्या शतकात एखाद्या मध्यम ऐपतीच्या सरदाराने जसा किल्ला बांधला असता, तसाच तो त्याच काळच्या अवजारांनी बांधायचा, असा हा प्रकल्प आहे. आराखडा राजा दुसरा फिलिप याच्या काळातील पद्धतीचा, म्हणजे चौकोनी तट, कोपऱ्यांवर गोल बुरूज आणि त्यांतला एक इतरांहून थोर. जागा निवडली ती जुन्या दगडखाणीची, कारण दगड पायाखाली, ओकचे लाकूड भोवतालच्या रानात आणि माती, वाळू, पाणी हाताशी. बांधकामाचा खर्च मुख्यतः प्रेक्षकांच्या तिकिटांतून निघतो, तेव्हा आपण दिलेले पैसे भिंतीत जातात असे म्हणायला हरकत नाही.

सर्वाधिक वेळ आम्ही तटाखालच्या लाकडी चक्रापाशी उभे होतो. माणूस आत उभा राहून चालू शकेल एवढे हे चाक आतल्या माणसांच्या पावलांनी फिरते, फिरताना कण्यावर दोर गुंडाळला जातो आणि खालचा दगड इंच इंच वर सरकतो. वरचा गवंडी हात करतो, आतली पावले थांबतात, लाकूड एकदा करकरते आणि दगड हवेत किंचित डोलत राहतो. तेवढा वेळ बघ्यांपैकीही कोणी बोलत नाही. मग तो दगड चुन्याच्या थरावर अलगद बसतो, थापीच्या मुठीने दोन ठोके बसतात, ओळंबा सोडला जातो आणि पावले उलटी पडू लागतात.

पुढे एका गवंड्याने तेरा गाठींचा दोर जमिनीवर पसरला, तेव्हा मामा एकदम म्हणाले, “अगं, हा तर आपला तीन-चार-पाच!” तेरा गाठींमुळे दोराचे बारा सारखे भाग पडतात, त्यांचा तीन, चार आणि पाच भागांचा त्रिकोण ताणला की काटकोन मिळतो. पायाची आखणी करताना आपले मिस्त्री टेप धरून आजही हेच करतात. चुन्याबाबत मात्र मामांचे समाधान झाले नाही. आपल्याकडे त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालत, इथे नुसता चुना आणि वाळू पाहून त्यांनी मान हलवली. दगडही आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही, तो लोहयुक्त, गंजाच्या रंगाचा वालुकाश्म आहे. छिन्न्या त्यावर इतक्या लवकर बोथट होतात, की लोहाराच्या भात्याला उसंत नसते. कपडे जुन्या धाटणीचे असले तरी डोक्यावर हेल्मेट आणि पायात सुरक्षेचे बूट आहेत. काहींना हे खटकते, मला नाही. पोशाखाच्या खरेपणापायी कोणी पाय गमवावा, अशी अपेक्षा तिकिटाच्या पैशांत बसत नाही.

हा सगळा हौसेचा खेळ आहे, असे वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. पॅरिसच्या नोत्र-दामचे छप्पर एप्रिल २०१९ मध्ये जळाले. ते पुन्हा उभारताना ओकचे ओंडके कुऱ्हाडीने तासून तुळया घडवणारे हात लागले, तेव्हा गेदलोंमध्ये तयार झालेले सुतारही त्या कामात होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले.

माझी तक्रार आहे ती पुण्यातील आमच्या सहल-आयोजकाबद्दल. “अपुराच किल्ला आहे, दीड तास पुष्कळ झाला,” असे सांगून त्याने गाडी तेवढ्याच वेळेसाठी ठरवली. दीड तासात आमचे फक्त चक्र आणि लोहारशाळा झाली, आणि मग चालकाला जादा पैसे देऊन संध्याकाळपर्यंत थांबवावे लागले. पूर्ण दिवस ठेवावा. पॅरिसहून अंतर सुमारे २०० किलोमीटर आहे आणि रेल्वे थेट दारापर्यंत जात नाही, त्यामुळे गाडीला पर्याय नाही. हिवाळ्यात जागा बंद असते, ओला चुना गोठणाऱ्या थंडीत टिकत नाही हे त्यामागचे साधे कारण. आवार मातीचे आहे, चांगले बूट घालावेत. फोटोपुरता किल्ला हवा असेल, तर फ्रान्समध्ये पुरे झालेले पुष्कळ आहेत, तिकडे जावे. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले घरात असतील, तर त्यांना मात्र अवश्य न्यावे.

निघताना मामा तटाच्या एका अर्धवट भिंतीपाशी थांबले, खालपासून बोट लावत त्यांनी दगडांचे थर मोजले आणि खिशातील डायरीत तारखेपुढे लिहिले, “चौदा.” पुढच्या मेमध्ये त्यापुढचा आकडा भरायला जायचे, असे त्यांनी गाडीत बसल्या बसल्या जाहीर केले आहे.