विंडोज ११: अपग्रेड करावं की फॉरमॅट मारावं?

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरचं बाळंतपण माझ्या गळ्यात पडलं. जो तो एकच सल्ला देत होता, ‘सरळ फॉरमॅट मार.’ मी डेस्कटॉप अपग्रेड केला आणि लॅपटॉप पुसून कोरा केला. त्यामुळे दोन्हींबद्दल बोलायचा हक्क मिळवलाय.

डेस्कटॉपवर माझं डीटीपीचं काम चालतं. शेकड्यांनी फॉन्ट, प्रिंटरची घासूनपुसून बसवलेली सेटिंग्ज आणि एक जुनं सॉफ्टवेअर, ज्याची सेटअप फाइल आता कुठेच मिळत नाही. तिथे फॉरमॅटचा प्रश्नच नव्हता. आधी मशीन ‘चालणार नाही’ असं दाखवत होतं, कारण टीपीएम २.० (विंडोज ११ला लागणारी सुरक्षेची सोय) बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद होतं. इंटेलच्या मशीनवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ अशा नावांनी दडलेलं असतं, म्हणून चटकन सापडत नाही. ते चालू केलं, आयएसओ (विंडोजच्या सेटअपची एकत्र फाइल) उघडून सेटअप चालवला, फाइल्स आणि अ‍ॅप्स दोन्ही ठेवायचा पर्याय निवडला. दोन-चार रीस्टार्टनंतर सगळं जागच्या जागी. जुनं सॉफ्टवेअरसुद्धा कुरकुर न करता उघडलं.

अपग्रेडची खरी किंमत कळते ती ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डरमुळे. तो भरपूर जागा खातो, पण तो आहे तोवर, म्हणजे दहा दिवस, सेटिंग्जमधून सरळ विंडोज १०वर परत जाता येतं. जागा मोकळी करायच्या घाईत तो उडवू नका. क्लीन इन्स्टॉलला, म्हणजे फॉरमॅट मारून नव्यानं विंडोज टाकण्याला, असा परतीचा रस्ताच नसतो.

मात्र अपग्रेडमध्ये जुना पसाराही सोबत येतो. सुरू होताना उघडणारी डझनभर प्रोग्रॅम्स आली, जुनी पार्टिशन्सही (डिस्कचे पाडलेले भाग) तशीच राहिली. पार्टिशनचा मुद्दा किरकोळ नाही. जानेवारी २०२४मध्ये विंडोज १०चं एक सिक्युरिटी अपडेट असंख्य मशीनवर 0x80070643 हा एरर देऊन अडलं, ते केवळ रिकव्हरी पार्टिशनमध्ये (दुरुस्तीसाठी राखलेल्या भागात) २५० एमबी मोकळी जागा नव्हती म्हणून.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्यात कंपनीनं भरून दिलेली ट्रायल अ‍ॅप्स आणि दर तासाला ‘मुदत संपली’ म्हणून ओरडणारा अँटिव्हायरस. म्हणून ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवला आणि बसले. डिस्क निवडायच्या स्क्रीनवर यादी पूर्ण रिकामी! ड्राइव्ह बिघडलेला नसतो, घाबरू नका. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि त्यासाठीचा इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड केल्याशिवाय सेटअपला एसएसडी दिसतच नाही. पुढे वायफायचाही ड्रायव्हर नव्हता आणि होम आवृत्ती तर इंटरनेट व मायक्रोसॉफ्टचं खातं मागून अडून बसते. फोन यूएसबीनं जोडून तेवढं निभावलं. प्रॉडक्ट कीची चिंता मात्र नको. ‘माझ्याकडे की नाही’ म्हणायचं, आधीचीच आवृत्ती (होम किंवा प्रो) निवडायची, डिजिटल लायसन्स असेल तर ऑनलाइन गेल्यावर अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. विंडोज ११च्या २४एच२ या २०२४च्या अपडेटपासून नव्यानं विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं, की बहुतेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाला कुलूप, गुपचूप सुरू होतं. अपग्रेडमध्ये तसं होत नाही. या कुलपाची ४८ आकडी रिकव्हरी की त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. कामचलाऊ खातं काढून पासवर्ड विसरलात आणि उद्या मदरबोर्ड गेला, तर फोटोंवर पाणी सोडा. मी ती की त्याच दिवशी कागदावर उतरवली.

वेगाचं म्हणाल तर कोरा लॅपटॉप सुरुवातीला भन्नाट पळाला. ब्राउझर, ऑफिस, प्रिंटर सगळं चढवल्यावर तो तोरा बराच उतरला. डेस्कटॉपवर टास्क मॅनेजरमधून स्टार्टअप अ‍ॅप्स बंद केली आणि तेवढ्यानंच मोठा फरक पडला. मशीन जुन्या हार्ड डिस्कवर चालत असेल तर हा वादच सोडा, आधी एसएसडी बसवा.

माझ्याकडून अपग्रेडला पाचपैकी चार. क्लीन इन्स्टॉलला तीन, तेही कंपनीचा कचरा गेला म्हणून.

आईच्या लॅपटॉपवर मधला मार्ग काढणार आहे: आधी अपग्रेड, मग ‘रीसेट’मध्ये ‘माझ्या फाइल्स ठेवा’. अ‍ॅप्स जातील, पण ती वापरते दोनच. शिवाय टास्कबारची बटणं लगेच डावीकडे आणून ठेवायची आहेत, नाहीतर स्टार्ट कुठे गेलं म्हणून फोन येणार.