घरपट्टी माफीच्या नावाखाली माझे २७,१४० रुपये गेले

तोफखान्यात १९ वर्षं नोकरी केली. भाजीवाल्यालासुद्धा हिशेब विचारून पैसे देणारा माणूस मी. तरी फसलो, आणि चार महिने घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. आता लिहितोय, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या एका वहिनींकडेही मला फसवणारा तोच पोरगा येऊन गेलाय. त्यांचे मिस्टर फौजेत होते, गेल्या वर्षी वारले.

माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची घरपट्टी माफ आहे, ही राज्य सरकारची २०२० ची योजना. हे मला माहीत होतं. पण पत्नीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे आम्ही दोन वर्षं बहुतेक गावी होतो, अर्ज राहून गेला आणि थकबाकी चढली. मार्चमध्ये दोनदा नाशिक महापालिकेच्या घरपट्टीच्या खिडकीवर गेलो. पहिल्यांदा "साहेब मीटिंगला गेलेत", दुसऱ्यांदा "मार्च एंड आहे बाबा, एप्रिलमध्ये या". बाहेर झेरॉक्सच्या दुकानापाशी तो भेटला. गळ्यात ओळखपत्र, हातात फायलींचा गठ्ठा. माझ्या हातातलं डिस्चार्ज बुक बघून म्हणाला, "जय हिंद साहेब, तुम्ही रांगेत कशाला उभे राहता?"

दीड तास ताटकळल्यावर कोणी असं बोललं की माणूस ऐकतो. मीही ऐकलं.

फॉर्म फी म्हणून २,५०० रोख घेतले. माझा फ्लॅट ४७० चौरस फुटांचा. मुंबईत ५०० फुटांपर्यंतची घरं माफ झाली, तसं आता नाशकातही होणार, तुम्ही दोन्हीकडून बसता, असं म्हणाला. ती २०२२ ची माफी मुंबईपुरती आहे. तिचं नाव घेऊन कोणी नाशकात आला तर दारातूनच परत पाठवा.

मग म्हणाला, आधीची थकबाकी भरल्याशिवाय फाइल पुढे जात नाही. आकडा १८,६४०. बिलावरही तोच होता, म्हणून विश्वास बसला. त्याने क्यूआर दाखवला, मी स्कॅन केला. आणि स्क्रीनवर एका माणसाचं नाव आलं. खात्याचं नाही, महापालिकेचं नाही, साधं नाव आणि आडनाव. मी विचारलं, हे कोण? "कॅशियरचं खातं आहे साहेब, सर्व्हर डाऊन आहे, संध्याकाळी वळतं करतात." बोट थांबलं होतं माझं. खरंच थांबलं होतं. सौ. शेजारून म्हणाली, "अहो, उद्या भरू." मी तिच्याकडे दुर्लक्ष करून पिन टाकला. ते पाच सेकंद मला अजून झोपू देत नाहीत.

आठवड्याने तपासणी खर्च म्हणून आणखी ६,००० रोख नेले. ती लाच होती असं कोणी म्हणू नका, मला शुल्क म्हणूनच सांगितलं होतं. छापील पावती दिली, शिक्का होता. पावतीवरच्या इंडेक्स नंबरातला, म्हणजे घरपट्टीच्या खाते क्रमांकातला, शेवटचा आकडा चुकीचा होता, तो मी जुलैमध्ये नोटीस आल्यावर पाहिला. नोटिशीत सगळी थकबाकी तशीच, वर महिन्याला दोन टक्के शास्ती. माफीचा अर्ज तर कुठेच दाखल नव्हता.

खिडकीवर पावती दाखवली. "ही आमची नाही. तुम्ही बाहेरच्याला दिलेच कशाला?" अहो, तो रोज तुमच्या दारात उभा असतो! तुमच्या शिपायाला नावाने हाक मारतो! पोलीस ठाण्यात म्हणाले, "स्वतःच्या हाताने दिलेत ना, मग फसवणूक कशी?" तिथून सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले, रोख रकमेसाठी ठाण्यातच जा, आणि ऑनलाइनचं एवढ्या उशिरा काय करणार. तीन फेऱ्या, सहा रिक्षा, आणि हातात साधी पोचसुद्धा नाही. सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाला बाकावर बसवून ठेवायचं आणि शेवटी त्यालाच मूर्ख ठरवायचं, ही कोणती पद्धत?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, मी लावला नाही. ठाण्यात नोंद घेत नसतील तर नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली लेखी तक्रार वरिष्ठांना पोस्टाने पाठवता येते. हे मला एका वकील मित्राने नंतर सांगितलं. मी रजिस्टर पोस्टाने पाठवलीय, फसवणुकीचं कलम आता ४२० नाही, भारतीय न्याय संहितेचं ३१८ आहे, तेही लिहिलंय.

माफीचा अर्ज या वेळी मी स्वतः दिला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला, डिस्चार्ज बुक आणि अधिवासाचा दाखला जोडला, पोच घेतली. एजंटाची गरज कुठेच लागली नाही.

वहिनींना काल सगळं सांगितलं. त्यांनी त्याला फॉर्म फीचे २,५०० आधीच दिले होते. पुढचा हप्ता घ्यायला तो सोमवारी येणार आहे. तिशीच्या आतला, उंच, राखाडी जॅकेट, ओळखपत्राची पट्टी निळी. बोलायला सुरुवातच "जय हिंद" ने करतो.