दोघांनी मिळून बसायचा वर्ग: गंगापूर रोडवरील आठ शनिवार

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका समुपदेशन केंद्रात कर्करोगाच्या पुढच्या टप्प्यातील रुग्ण आणि त्यांचे जोडीदार यांच्यासाठी आठ आठवड्यांचा माइंडफुलनेसचा, म्हणजे सजगतेचा, वर्ग चालतो. माझ्या पत्नीने आणि मी तो नुकताच पूर्ण केला. तिचा स्तनाचा कर्करोग हाडांत पसरला आहे. ही चौथी स्टेज आहे हे आम्हां दोघांनाही दीड वर्षापासून ठाऊक होते आणि दोघेही ते एकमेकांपासून लपवल्यासारखे वागत होतो. केंद्राविषयी काही तक्रारी लिहायच्या असल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

नाशिककराला ध्यान म्हटले की आधी इगतपुरी आठवते, आणि नात्यातल्या दोघा-तिघांनी आम्हाला तेच सुचवले होते. सत्यनारायण गोएंका यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या धम्मगिरीत १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे होतात. मात्र दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहाटे चारला उठून दिवसाचे सुमारे दहा तास बसावे लागते, मौन पाळावे लागते आणि पती-पत्नींची राहण्याची व्यवस्था वेगवेगळी असते. जिच्या मणक्यात गाठी आहेत तिला हे झेपणारे नव्हते, आणि आम्हाला तर मौन सोडायला शिकायचे होते. गंगापूर रोडवरच्या वर्गाचा आराखडा जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमावर बेतलेला आहे. त्याचीही मुळे बौद्ध साधनेतच असल्यामुळे त्याला इगतपुरीचा दूरचा भाऊबंद म्हणता येईल.

पहिल्या शनिवारी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला गेला. तो पाहायचा, हुंगायचा, जिभेवर घोळवायचा आणि मग सावकाश चावायचा, असा हा या पद्धतीतला प्रसिद्ध पाठ आहे. द्राक्षांच्या गावात बेदाण्याचे काय ते कौतुक, असे मला वाटून गेले. केमोमुळे चव बदललेल्या माणसाच्या तोंडात तो कसा लागेल, याचा विचार मात्र कोणी केलेला दिसला नाही. "मला पत्र्याची चव लागते आहे," असे पत्नीने सांगितल्यावर मार्गदर्शिका शांतपणे म्हणाल्या, "मग आज तीच पाहू या." मला त्या उत्तराचा राग आला. रात्री जेवताना पत्नी म्हणाली, "अहो, तुमच्या आमटीलाही चार महिने हीच चव लागते आहे. तुम्ही एवढ्या हौसेने करता, म्हणून बोलले नाही." मी स्वयंपाक शिकलो याचा मला केवढा अभिमान होता! दुसऱ्या दिवसापासून आमटीत चिंच वाढली आणि स्टीलचा चमचा जाऊन लाकडी आला, तेव्हा कुठे चार घास जास्त गेले.

अंगभर लक्ष फिरवण्याचा पाठ डाव्या पायाच्या बोटांपासून सुरू होतो. औषधांमुळे तिच्या पावलांना सतत मुंग्या येतात आणि काही भाग बधिर झाला आहे. त्यामुळे तिथे लक्ष नेताच ती अस्वस्थ झाली. पुढच्या वेळी तिला तळहातांपासून आरंभ करण्याची मुभा मिळाली, तीही तिने स्वतः मागितल्यावर. नाव नोंदवताना एक साधा प्रश्न विचारला असता तर हे टळले असते.

याहून गंभीर आक्षेप वेदनेच्या बाबतीत आहे. सरावामुळे गोळ्या कमी करता येतील का, असे एका गृहस्थांनी आपल्या पत्नीच्या मॉर्फिनविषयी विचारले. त्यावर "शरीर काय सांगते ते ऐका" असे मोघम उत्तर मिळाले. रुग्णांना ते मिळणे सोपे व्हावे म्हणून २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती होऊनही मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. इतक्या खटपटीने मिळालेली गोळी श्वासाच्या भरवशावर कोणी सोडू नये आणि हे वर्गात पहिल्याच दिवशी स्वच्छ शब्दांत सांगितले जावे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ साली इंटिग्रेटिव्ह ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे कर्करोगाच्या उपचारांना ध्यान-योगासारख्या पूरक पद्धतींची जोड देणाऱ्या शाखेच्या, संस्थेबरोबर काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत सजगतेची शिफारस केली आहे ती चिंता आणि खिन्नतेच्या लक्षणांसाठी. गाठ लहान होते किंवा आयुष्य वाढते, असा दावा त्यात नाही. आमच्या मार्गदर्शिकांनीही तसा दावा कधी केला नाही, हे नमूद केले पाहिजे.

ज्यासाठी हा वर्ग घ्यावा असे मी सांगेन, तो भाग चौथ्या शनिवारी आला. जोडीदारांनी समोरासमोर बसायचे, एकाने पाच मिनिटे बोलायचे आणि दुसऱ्याने फक्त ऐकायचे. धीर द्यायचा नाही, समजूत घालायची नाही, डोळे पुसायलासुद्धा पुढे व्हायचे नाही. पत्नी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "रात्री तुम्ही झोपल्याचं सोंग घेता ते कळतं मला. मीही घेते." एरवी मी लगेच डॉक्टरांचे, पुढच्या स्कॅनचे किंवा मुलाच्या फोनचे काहीतरी काढले असते. नियमामुळे ते वाक्य आमच्यामध्ये तसेच राहिले, आणि उरलेली तीन-चार मिनिटे मला तिच्याकडे पाहत बसावे लागले. त्या रात्री अडीचला मी दिवा लावला आणि आम्ही चहा करून प्यालो. तिने बँकेच्या लॉकरपासून ते शेवटी आयसीयूत न्यायचे की नाही इथपर्यंत सारे विषय काढले. डॉक्टरांनी दोनदा सुचवूनही आम्ही टाळलेले बोलणे अखेर स्वयंपाकघरात झाले.

सहाव्या शनिवारी आम्ही पोहोचलो तेव्हा दहाच खुर्च्या मांडलेल्या होत्या. आधी बारा असत. एका जोडप्यातील पत्नी त्या आठवड्यात गेल्या होत्या. संयोजकांनी दोन खुर्च्या आधीच उचलून ठेवल्या आणि नेहमीप्रमाणे श्वासापासून सुरुवात केली. जे आहे त्याकडे पाहायला शिकवणाऱ्यांनीच नजर वळवावी, हे मला अजूनही पटलेले नाही. अखेर पंचवटीतल्या एका आजीबाईंनी, ज्या स्वतः ऑक्सिजन लावून येत असत, "त्या दोघांच्या खुर्च्या कुठे आहेत?" असे विचारले. तेव्हा खुर्च्या परत मांडल्या गेल्या आणि उरलेला वेळ बोलण्यात गेला. मार्गदर्शिकांनी आपली चूक तिथेच कबूल केली, म्हणून आम्ही सातव्या शनिवारी गेलो.

व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्ग पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. अशा रुग्णांसाठी ही जागा कोणी निवडली, हे कोडे आहे. अडीच तासांचा वेळ लांबतो, पण मध्येच आडवे व्हायला सतरंजी मिळते. वर्ग पूर्णपणे मराठीत चालतो, आणि रुग्णालयात मुक्काम पडून एखादा शनिवार बुडाला तर पुढच्या तुकडीत तो पैसे न घेता भरून देतात. जायचे ठरवल्यास गोळीची वेळ साधून निघावे आणि उशी घरून न्यावी. तिथल्या उशा फार पातळ आहेत.